शिकता शिकता शोध : प्रस्तावना

एम.एस्सी.चा निकाल लागला की विद्यापीठाच्या प्रत्येक विज्ञान विभागात काही मुले-मुली चौकशीला येतात. "सर, तुमच्याकडे पीएच.डी.ला जागा आहे का?" एवढा एकच प्रश्न त्यांनी मनाशी पक्का करून आणलेला असतो. नेट झाली का, पेट दिली का, कोणता विषय आवडतो, असे आपण विचारले तर पटापट उत्तरे मिळतात. पण प्रयोगशाळेत नेमके काम काय असते, सकाळी आल्यापासून रात्री कुलूप लावेपर्यंत माणूस तिथे करतो काय, असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. त्यात त्यांचा दोष नाही. शाळा-कॉलेजात त्यांनी पाहिलेली प्रयोगशाळा म्हणजे प्रॅक्टिकलची खोली. तिथे उत्तर आधीच ठाऊक असते, ते बरोबर आणायचे, जर्नलमध्ये उतरवायचे आणि मॅडमची सही घ्यायची. संशोधनाच्या प्रयोगशाळेत उत्तर कुणालाच ठाऊक नसते, गाईडलाही नसते. या दोन खोल्यांमधले अंतर किती मोठे आहे, हे आत पाऊल टाकल्यावरच कळते, आणि ते कळेपर्यंत वर्ष-दीड वर्ष निघून गेलेले असते.

घरच्यांची अडचण आणखी वेगळी. पंचविशी उलटलेला मुलगा अजून 'शिकतोच' आहे. मुलगी रात्री नऊला लॅबमधून निघते. पगार म्हणावा तर तो नाही, फेलोशिप आहे, आणि तीही कधी तीन-चार महिन्यांची एकदम येते. लग्नाच्या बैठकीत 'मुलगा काय करतो' याचे उत्तर आईवडिलांना एका वाक्यात देता येत नाही. संशोधन म्हणजे काहीतरी मोठे असते, एवढे सगळ्यांना मान्य असते. पण ते रोज कसे होते, त्याला इतका वेळ का लागतो आणि त्यातून काय उभे राहते, हे कुणी समजावून सांगितलेले नसते.

हे पुस्तक त्या मुलामुलींसाठी आहे आणि त्यांच्या घरच्यांसाठीही. पुढच्या प्रकरणांत विषयाची निवड, फेलोशिप, प्रयोगवही, शोधनिबंध, व्हायवा अशा एकेका गोष्टीची तपशीलवार माहिती येते. प्रस्तावनेत मला या कामाचा पिंड सांगायचा आहे. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचे मोठेपण यंत्रांत नसते, इमारतीत नसते. ते तिथल्या माणसांच्या हातांत साठत जाते आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाते. हा प्रवाह चालू राहिला तर साध्या साधनांवरही पहिल्या दर्जाचे काम होते. तो तुटला तर कोट्यवधींची यंत्रे धूळ खात पडतात. हे पटले, तर विद्यार्थ्याने कुठे जावे, गाईडने काय जपावे आणि विद्यापीठाने पैसा कशावर खर्च करावा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपोआप सुचू लागतात.

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा किंवा तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र इथे शास्त्रज्ञ हीच पूर्णवेळ नोकरी असते. विद्यापीठात तसे नसते. सकाळी साडेदहाला एम.एस्सी.च्या वर्गावर शिकवणारे प्राध्यापकच दुपारी संशोधनाला बसतात. मध्ये परीक्षेचे पेपर, प्रवेशसमिती आणि नॅकच्या फायली असतात. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष हात चालतात ते विद्यार्थ्यांचे, म्हणजे जे अजून शिकत आहेत त्यांचे. चार-पाच वर्षांत ते तयार होतात आणि नेमके तेव्हाच निघून जातात. त्यांच्या जागी नवा, काहीच न येणारा विद्यार्थी येतो. वरवर पाहता ही उधळपट्टी वाटते. पण विद्यापीठाचे बळही त्यातच आहे. नवखा विद्यार्थी 'हे असेच का करायचे?' असे विचारतो आणि मुरलेल्या माणसाला जे विचारायचे सुचतच नाही, ते त्याच्या तोंडून निघते. शिकवणे आणि शोधणे एकाच छताखाली असल्याचा हा फायदा आहे.

ही रचना फार जुनी नाही. युस्टुस लीबिख हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, जर्मनीतल्या गीसन या लहानशा गावच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्याआधी रसायनशास्त्र शिकायचे तर एखाद्या औषधविक्याकडे किंवा मोठ्या शास्त्रज्ञाचा खासगी मदतनीस म्हणून राहावे लागे. लीबिखने विद्यार्थ्यांना थेट प्रयोगशाळेत उभे केले आणि त्यांच्या हाती खरे, न सुटलेले प्रश्न दिले. सेंद्रिय पदार्थातला कार्बन मोजण्यासाठी त्याने १८३१ साली पाच फुगे असलेले काचेचे एक उपकरण बनवले. त्याआधी असे मोजमाप मोजक्या निष्णात हातांनाच जमे. या उपकरणामुळे चांगला शिकलेला विद्यार्थीही ते भरवशाने करू लागला. युरोपभरचे तरुण गीसनला येऊ लागले आणि परत जाऊन त्यांनी आपापल्या देशात तशाच प्रयोगशाळा काढल्या.

आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली, पण त्यांचे काम परीक्षा घेण्यापुरते होते. विद्यापीठांनी स्वतः शिकवावे आणि संशोधन करावे, याची वाट १९०४ च्या कायद्याने मोकळी झाली. कलकत्त्यात आशुतोष मुखर्जी यांनी देणगीदारांच्या पैशावर १९१४ साली विज्ञान महाविद्यालय उभारले. प्रफुल्लचंद्र राय तिथे आले, १९१७ साली सी. व्ही. रामन आले, आणि मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर तिथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. हेच आघारकर पुढे पुण्यात आले आणि १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या स्थापनेत पुढे राहिले. मुंबई विद्यापीठाने १ ऑक्टोबर १९३३ रोजी रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. माटुंग्याची यूडीसीटी ती हीच; आजची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. तिथले के. वेंकटरामन १९५७ साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. केंब्रिजहून पीएच.डी. करून १९६४ साली यूडीसीटीतच प्राध्यापक म्हणून परतलेले एम. एम. शर्मा यांच्या हाताखाली रघुनाथ माशेलकर यांनी १९६९ साली पीएच.डी. पूर्ण केली. पुढे गुरू आणि शिष्य दोघेही लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. एका विभागात माणसाने माणूस घडवण्याची परंपरा टिकली की काय होते, याचे याहून जवळचे उदाहरण मराठी वाचकाला शोधायला नको.

आता प्रत्यक्ष काम जवळून पाहू. माझा विषय वनस्पतिशास्त्र, म्हणून उदाहरण ऊतीसंवर्धनाचे घेतो. लॅबमध्ये सगळे त्याला टिश्यू कल्चरच म्हणतात, आणि जळगावचा केळीबागाईतदारही रोपे मागताना हाच शब्द वापरतो. वनस्पतीचा एक लहानसा तुकडा निर्जंतुक बाटलीत, पोषक मिश्रणावर ठेवायचा आणि त्यातून अख्खे रोप उभे करायचे, एवढेच हे काम. ऐकायला सोपे आहे.

सुरुवात मीडिया बनवण्यापासून. मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ साली तंबाखूच्या ऊतींसाठी एक कृती प्रसिद्ध केली. आजही जगभर तीच वापरतात आणि लॅबमध्ये तिला नुसते 'एमएस' म्हणतात. क्षारांचे दाट स्टॉक फ्रिजमध्ये तयार असतात. ते ठरल्या प्रमाणात घ्यायचे, जीवनसत्त्वे आणि हार्मोन घालायचे, लिटरला ३० ग्रॅम साखर टाकायची, पाण्याने मात्रा पुरी करायची, पीएच ५.८ वर आणायचा आणि मग ८ ग्रॅम अगार. कॅल्शियमचा आणि फॉस्फेटचा दाट स्टॉक पाणी न घालता एकत्र आला, की तळाशी पांढरा साका बसतो आणि सगळे ओतून द्यावे लागते. पीएच फार खाली गेला तर अगार गोठत नाही. बाटली कलती केली की तुकडा बुडतो. बाटल्या भरून, बुचे लावून त्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला, चौरस इंचाला १५ पौंड दाबाखाली पंधरा ते वीस मिनिटे ठेवायच्या. दाब पूर्ण उतरण्याआधी झाकण उघडायची घाई केली तर मीडिया उसळून बुचे भिजतात, आणि भिजलेल्या बुचातून बुरशीला वाट मिळते.

मग इनॉक्युलेशन, म्हणजे तुकडे बाटलीत ठेवणे. लॅमिनारसमोर, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटासमोर, बसायचे म्हणजे हात धुऊन, ७० टक्के अल्कोहोलने पुसून. चिमटा ज्योतीत धरायचा, निवू द्यायचा. बाटलीचे तोंड ज्योतीपाशीच उघडायचे. उघड्या बाटलीवरून हात न्यायचा नाही, बोलायचे नाही. शंभर बाटल्या होईपर्यंत पाठ भरून येते. बाटल्या कल्चर रूममध्ये जातात. तिथे २५ अंश तापमान, सोळा तास उजेड आणि आठ तास अंधार. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निकाल दिसू लागतो. पावसाळ्यात झाडावरून आणलेल्या तुकड्यांचे फार हाल होतात. ट्रेच्या ट्रे कंटॅमिनेशनमध्ये जातात. नवखा विद्यार्थी हताश होऊन सगळ्या बाटल्या टाकायला निघतो. तेवढ्यात लॅबमधला कुणी जाणता त्याला थांबवतो आणि बाटल्या उजेडात धरून एकेक पाहायला लावतो. तुकड्यापासून दूर, मीडियाच्या कडेला कापसासारखी बुरशी उगवली असेल तर ती हवेतून किंवा हातातून आली आहे. तुकड्याच्या बुडाशीच दुधाळ वलय असेल तर जंतू झाडाच्या आत होते. लॅमिनार कितीही पुसले तरी त्याचा उपयोग नाही, उपाय मातृवृक्षापासून करायला हवा. हे दोन मिनिटांचे पाहणे सहा महिने वाचवते.

शोधनिबंधाच्या 'मटेरियल्स अँड मेथड्स'मध्ये हे सगळे दोन ओळींत आटपलेले असते. 'तुकडे निर्जंतुक करून एमएस मीडियावर ठेवले,' इतकेच. बुच भिजू द्यायचे नाही, बाटली कशी धरायची, वलय कुठे बघायचे, हे छापले जात नाही. ते शेजारी उभे राहून शिकावे लागते. रसायनाच्या लॅबमध्ये कॉलम भरण्याचे, भौतिकीत व्हॅक्यूमची गळती शोधण्याचे, प्राणिशास्त्रात ऊतीचा पातळ काप घेण्याचे ज्ञान असेच असते.

अशा हातांतून काय निघू शकते, त्याचे उदाहरण आपल्याच देशातल्या एका विद्यापीठाचे आहे. पंचानन माहेश्वरी १९४९ साली दिल्ली विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून आले. वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानात त्यांचे नाव जगभर होते. त्यांनी त्या विभागात ऊतीसंवर्धनाची परंपरा रुजवली, विद्यार्थ्यांची फळी उभी केली, आणि १९६१ साली या विषयावरचा आंतरराष्ट्रीय परिसंवाद दिल्लीत भरला. या वातावरणात तयार झालेल्या सिप्रा गुहा, सतीशचंद्र माहेश्वरी यांच्याबरोबर धोत्र्याच्या परागकोशांवर काम करत होत्या. आपल्या गावाकडे उकिरड्यावर, पडीक भिंतीच्या कडेला उगवतो आणि शंकराला वाहतात, तोच हा धोत्रा. परागकण तयार होताना पेशीतल्या गुणसूत्रांची संख्या निम्मी होते. ते विभाजन बाटलीत घडवून समजून घ्यावे, असा मूळ हेतू होता. प्रत्यक्षात काही आठवड्यांनी परागकोशांतून चक्क भ्रूण बाहेर पडू लागले.

इथे संशोधकाची कसोटी लागते. मनात नव्हते असे काही दिसले की ते 'खराब गेलेले कल्चर' म्हणून टाकून देण्याचा मोह फार मोठा असतो. गुहा आणि माहेश्वरी यांनी तो टाळला. १९६४ साली 'नेचर'मध्ये त्यांनी परागकोशांतून भ्रूण मिळाल्याचे जाहीर केले. पण हे भ्रूण परागकोशाच्या भिंतीतून आले की परागकणांतून, हा प्रश्न होता. भिंतीतून आले असते तर नवल थोडे होते. त्याचा छडा लावून १९६६ साली त्यांनी दुसरा निबंध लिहिला: भ्रूण परागकणांपासूनच तयार होतात, म्हणून त्यांत गुणसूत्रे निम्मीच असतात. धोत्र्याच्या पेशीत २४ गुणसूत्रे. या रोपांत १२.

याचा उपयोग काय? पिकाचा शुद्ध वाण तयार करायला पैदासकाराला सहा-सात पिढ्या स्वपरागीभवन करत बसावे लागते. निम्म्या गुणसूत्रांच्या रोपात ती संख्या कोल्चिसिन या रसायनाने दुप्पट केली, की एका फटक्यात पूर्ण शुद्ध वाण हाती येतो. दोन-तीन वर्षांत जपानी शास्त्रज्ञांनी भाताच्या परागकोशांतूनही अशी निम्म्या गुणसूत्रांची रोपे मिळवली. आज भात, गहू, मोहरीवर्गीय पिके अशा अनेक पिकांच्या पैदाशीत ही पद्धत रुळलेली आहे. तिचा उगम एका विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात, धोत्र्याच्या कळ्यांतून झाला. तिथे महागडे यंत्र नव्हते. एका पिढीने दुसरीला शिकवलेले निर्जंतुक काम, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची सवय आणि अनपेक्षित दिसले तर थांबून विचार करायची शिस्त होती.

मद्रास विद्यापीठाचे उदाहरणही याच जातीचे आहे. जी. एन. रामचंद्रन १९५२ साली तिशीच्या आत तिथे भौतिकीचे प्रमुख झाले. दोन वर्षांत त्यांनी गोपीनाथ कर्था यांच्याबरोबर कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली, आणि १९६३ साली रामकृष्णन व शशिशेखरन या सहकाऱ्यांसह प्रथिनाच्या साखळीला कोणते कोन शक्य आहेत याचा आलेख दिला. 'रामचंद्रन आलेख' या नावाने तो जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. आजही प्रथिनाची नवी रचना सुटली की ती त्या आलेखावर तपासून पाहतात.

आता या प्रवाहात अडथळे कुठे येतात, तेही सरळ सांगायला हवे. पहिला पैशाचा. भारत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के एवढाच खर्च संशोधन आणि विकासावर करतो, हा २०२०-२१ चा सरकारी आकडा आहे. त्या खर्चातला उच्च शिक्षण क्षेत्राचा वाटा ९ टक्क्यांच्याही आत. देशातले बहुतेक तरुण संशोधक जिथे घडतात, तिथे हा वाटा जातो. प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा असतो. मंजुरी, पहिला हप्ता, कोटेशन, खरेदी समिती यांत पहिले वर्ष जाते. शेवटच्या सहा महिन्यांत युटिलायझेशन सर्टिफिकेट आणि अहवाल. मधल्या काळात काम करायचे. जानेवारी २०२३ पासून जेआरएफची फेलोशिप महिना ३७,००० रुपये झाली, हे चांगले झाले. पण ती वेळेवर हाती पडणे तितकेच महत्त्वाचे आहे. घरभाडे दर महिन्याला द्यावे लागते. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी रात्री लाइट गेली, जनरेटर चालला नाही, तर उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधले पाच वर्षांचे नमुने धोक्यात येतात. अशा वेळी अपरात्री धावत येणारे बहुधा लॅबमधले मामा असतात. सायंटिस्ट म्हणून त्यांचे नाव कुठेही लागत नाही, पण कोणत्या ऑटोक्लेव्हचे गॅस्केट कधी बदलले, हे फक्त त्यांनाच ठाऊक असते. या पुस्तकात त्यांच्या कामाला स्वतंत्र प्रकरण आहे, याचे मला विशेष समाधान वाटते.

दुसरा अडथळा मोजणीचा. शोधनिबंधांची संख्या मोजून माणसाची किंमत ठरवली, की निबंध वाढतात आणि शोध कमी होतात. प्रबंधाआधी निबंध छापून आलाच पाहिजे, ही अट असताना पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे चांगलेच फावले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत ती सक्ती काढली, हे योग्यच झाले. विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून एक नियम पाळावा: जे दिसले ते त्याच दिवशी, शाईने, तारखेसह वहीत लिहायचे, न जमलेला प्रयोगही लिहायचा, चुकले तर एक रेघ मारायची, खोडायचे नाही. निकाल हवा तसा आला नाही म्हणून आकड्याला हात लावणारा माणूस प्रयोगशाळेत एक दिवसही राहता कामा नये, मग तो कितीही हुशार असो. गाईडनेही 'असा ग्राफ यायला हवा' असे आधी सांगू नये. विद्यार्थ्याला त्याचा अर्थ लगेच कळतो.

तिसरा अडथळा सर्वांत मोठा, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. आपल्या विद्यापीठांत वरती प्राध्यापक आणि खाली विद्यार्थी. मध्ये कुणी नाही. पीएच.डी. झालेला, लॅबचे सगळे काम हातात असलेला, नव्यांना शिकवू शकणारा कायमस्वरूपी शास्त्रज्ञ ठेवायला जागाच नाही. यूजीसीने १९८० च्या दशकात 'रिसर्च सायंटिस्ट' अशी योजना काढली होती. अ, ब आणि क अशा तीन श्रेणी, व्याख्याता, प्रपाठक आणि प्राध्यापक यांच्या तोडीच्या. विद्यापीठात राहून पूर्णवेळ संशोधन करण्याची ती सोय होती. पुढे ती योजना बंद झाली. आज हे काम सहा-सहा महिन्यांच्या करारावरचे तरुण करतात. त्यांना पुढच्या वर्षी आपण कुठे असू हे माहीत नसते, आणि ते गेले की त्यांच्याबरोबर लॅबची दहा वर्षांची समज जाते. दूध कितीही असले तरी विरजण संपले की दही लागत नाही.

परदेशातही हा प्रश्न सुटलेला नाही. कातालिन कारिको अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमआरएनएवर काम करत होत्या. अनुदानाचे अर्ज नामंजूर होत गेले. १९९५ साली त्यांचे पद खाली आणले गेले. तरी त्या बाकावर टिकून राहिल्या. फोटोकॉपीच्या मशीनपाशी ड्रू वाइसमन यांच्याशी ओळख झाली, दोघांनी मिळून काम केले, आणि २००५ साली त्यांनी दाखवून दिले की एमआरएनएमधला एक घटक किंचित बदलला तर शरीर त्याच्यावर तुटून पडत नाही. पंधरा वर्षांनी कोविडच्या एमआरएनए लशी त्या शोधावर उभ्या राहिल्या. २०२३ साली दोघांना नोबेल मिळाले. ही कथा चिकाटीची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण तिचा दुसरा अर्थ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. असा माणूस लॅबमध्ये टिकला, तो त्याच्या वैयक्तिक धैर्यावर. व्यवस्थेने त्याला टिकवले नाही. ज्यांना तसे टिकता आले नाही, त्यांचे शोध आपल्याला कधीच कळणार नाहीत.

टिकू न शकणाऱ्यांत मुली जास्त असतात. कमला सोहोनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून त्यांना नकार मिळाला. त्यांनी तो मानला नाही. एक वर्ष परिवीक्षेवर राहून काम करून दाखवले आणि त्यांच्यानंतर तिथे मुलींना दार उघडले. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असते हे त्यांनी शोधले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही जीवशास्त्राच्या विभागात निम्म्याहून अधिक बाकांवर मुलीच दिसतील. त्यांतल्या कितीतरी घरातल्या पहिल्या पदवीधर असतात. दार उघडे आहे, पण पीएच.डी.नंतरच्या करारांच्या काळातच लग्न, बाळंतपण आणि बदलीचे गाव येते. रात्री उशिरा सुरक्षित जायची सोय, वसतिगृहात जागा, बाळंतपणानंतर परत येण्याची हमी, या गोष्टी शोधनिबंधाइतक्याच संशोधनाच्या आहेत.

हे पुस्तक वाचून कुणाला वाटेल की इतक्या अडचणी असतील तर या वाटेला जावेच कशाला. त्याचे माझे उत्तर असे: जगात अजून कुणालाच ठाऊक नसलेली एक छोटी गोष्ट आपल्याला प्रथम दिसणे, आणि ती खरी आहे याची खात्री आपण स्वतः करून घेणे, हा आनंद दुसऱ्या कोणत्याही कामात मला मिळाला नाही. तो नामवंतांसाठी राखून ठेवलेला नाही. नीट काम करणाऱ्या साध्या विद्यार्थ्यालाही तो मिळतो, आणि ती एक गोष्ट पुढच्या माणसाला पायरी होते.

म्हणून शेवटी तीन विनंत्या करतो. विद्यार्थ्यांना: गाईडचे नाव किंवा यंत्रांची यादी पाहून लॅब निवडू नका, तिथून बाहेर पडलेल्या चार जणांना भेटा आणि त्यांना स्वतंत्रपणे काम करता येते का, ते पाहा. प्राध्यापकांना: विद्यार्थी जाण्याआधी त्याच्या हातातले काम पुढच्याच्या हातात गेले की नाही, हे प्रबंधाइतक्याच काळजीने तपासा. आणि विद्यापीठांना व शासनाला: पुढचे मोठे यंत्र घेण्याआधी ते चालवणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि राखणाऱ्या माणसांसाठी प्रत्येक विभागात निदान दोन कायम जागा भरा. शास्त्रज्ञाची एक आणि तंत्रज्ञाची एक. एवढे झाले तर आपल्या विद्यापीठांतून पुढच्या पिढीत काय निघेल, याची चिंता करावी लागणार नाही.